ओवी

ओवी : मराठीतील अतिशय जुना अक्षरछंद. ग्रंथातील ओवी आणि गळ्यातली ओवी असे तिचे दोन प्रकार मानतात. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. म्हणजे ग्रंथात शिरण्यापूर्वी ती घराघरांत गायली जात होती. तिच्या मूळ रूपाविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

रचना : ग्रंथातील ओवीला चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक जुळते. चौथा चरण आखूड आणि यमकाबाहेरचा असतो, म्हणून तिला साडेतीन चरणी म्हणतात. वृत्तात लघु-गुरूंचा क्रम ठरलेला असतो, जातीत मात्रा मोजतात आणि अक्षरछंदात अक्षरे. अक्षरछंदातील प्रत्येक अक्षराचा उच्चार गुरू धरण्याची रीत आहे. ओवीत मात्र चरणातील अक्षरसंख्याही पक्की नसते. तीन यमकांनी कान बांधून ठेवायचा आणि चौथ्या चरणात अर्थ मोकळा करायचा, हे तिचे खरे बळ. एकनाथांच्या ओवीचे चरण लांबतात, त्यामुळे तिला साडेचार चरणी म्हणण्याचा प्रघात आहे. माधव जूलियन यांनी ‘छंदोरचना’ (1927) या ग्रंथात मराठी छंदांची शास्त्रशुद्ध मांडणी केली.

अहिल्यानगर जिल्ह्यातील परंपरा : ग्रंथातील ओवीचा इतिहास अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या एका जिल्ह्यात जवळजवळ सलग पाहता येतो. प्रवरेकाठच्या नेवासे येथे शके 1212 (इ. स. 1290) मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ज्ञानेश्वरांनी सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले, असे परंपरा मानते. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी निरूपण केले असे सांगतात, तो पैस खांब नेवाशात आहे. दुर्गा भागवत यांच्या ‘पैस’ या लेखसंग्रहाचे नाव त्याच्यावरून आले.

गीतेच्या 700 श्लोकांवर सुमारे 9,000 ओव्या झाल्या. हा विस्तार सर्वत्र सारखा नाही. बाराव्या अध्यायात ओव्या 250 च्या आत आहेत, तर अठराव्यात 1,800 हून अधिक. जिथे दृष्टान्तावर दृष्टान्त रचायचे तिथे ज्ञानेश्वर ओव्यांची रांग लावतात आणि ओवीची सैल वीण ती पेलते. श्लोकाच्या घट्ट चौकटीत हे साधले नसते. एकनाथांनी शके 1506 (1584) मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व मानलेल्या पोथीचा पाठ 1909 मध्ये छापला. त्या पोथीच्या काळाबद्दल मतभेद आहेत. ओव्यांची संख्या प्रतीनुसार थोडी बदलते.

राहुरी तालुक्यातील ताहराबादचे महिपती (1715–1790) यांनी संतचरित्रांसाठी ओवीच निवडली. त्यांचा ‘भक्तविजय’ (शके 1684, इ. स. 1762) 57 अध्यायांचा आहे. ‘संतलीलामृत’ आणि ‘भक्तलीलामृत’ हे त्यांचे इतर ग्रंथ. तत्त्वचिंतनासाठी वापरलेली ओवी महिपतींनी कथाकथनाला जुंपली. त्यांची भाषा साधी, पण मराठी घरांना संतकथा ठाऊक झाल्या त्या मोठ्या प्रमाणात त्यांच्या ओव्यांतून.

नगरमध्ये दीर्घकाळ वास्तव्य केलेले नारायण वामन टिळक यांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य आरंभिले. 1919 मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढचा मोठा भाग लक्ष्मीबाई टिळकांनी रचला. मराठी ओवीत ख्रिस्तकथा सांगण्याचा प्रघात याहून जुना आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात छापले गेले.

शिर्डीच्या साईबाबांचे ‘श्रीसाईसच्चरित’ गोविंद रघुनाथ दाभोलकर (मृ. 1929) यांनी ओवीतच लिहिले. 53 अध्यायांच्या या ग्रंथाची अखेरची अवतरणिका त्यांच्या मृत्यूनंतर जोडली गेली.

जात्यावरची ओवी : ही बायकांनी दळताना रचलेली आणि मुखोद्गत ठेवलेली. भाऊ, माहेर, सासुरवास, पंढरी हे तिचे नेहमीचे विषय. पहिली, दुसरी असे क्रम लावून देवांना ओव्या वाहण्याची चाल आहे. साने गुरुजींनी अशा ओव्या ‘स्त्रीजीवन’ मध्ये संकलित केल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने झालेल्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या.

संबंधित संज्ञा : अभंग हा ओवीपासून विकसित झाला, असे सामान्यतः मानतात. मोठ्या अभंगात 6, 6, 6, 4 अक्षरांचे चार चरण असतात आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात येते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन सयमक चरण असतात. श्लोक आणि आर्या : पंडित कवींचे आवडते रचनाप्रकार.

मूल्यमापन : अक्षरे मोजून ओवी कळत नाही. ती ऐकण्यासाठी रचलेली आहे, म्हणून अभ्यासकाने नेवासे-ताहराबादचे हे ग्रंथ आधी मोठ्याने वाचावेत. तत्त्वज्ञान, चरित्र आणि दळणाचे गाणे या तिन्हींना इतकी शतके पुरून उरलेला दुसरा छंद मराठीत नाही.