हवा तीच, औषध कुणाला?

महाबळेश्वरला लोक आता स्ट्रॉबेरी खायला येतात. पण हे गाव वसले ते आजाऱ्यांसाठी, आणि तेही गोऱ्या आजाऱ्यांसाठी. १८२९ साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून ही जागा घेतली. त्यांच्याच नावाची ही माल्कम पेठ. थंड हवा हे त्या काळचे औषध. साहेबाची डोली वाहणारा भोईही तीच हवा घेई, पण त्याच्या आजाराची चौकशी कोण करणार? खाली मुंबईतही युरोपियनांचे इस्पितळ वेगळेच होते.

गोऱ्यांना बोल लावून आपण मात्र सुटत नाही. लहानपणी साताऱ्याच्या शाळेत शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९२९ सालची काठेवाडातली एक हकिगत लिहून ठेवली आहे. एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण बायको तापाने आजारी पडली. डॉक्टर तिला शिवेना. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला. ती बाई वाचली नाही.

लहान मुलांच्या हृदयावरील शस्त्रक्रियेच्या इतिहासातही हा हातांचा भेद आहे. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आयलीन सॅक्सन या सव्वा वर्षाच्या 'निळ्या बाळा'वर शस्त्रक्रिया झाली. कल्पना डॉ. हेलन टॉसिग यांची, सुरी डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांची. पण प्रयोगशाळेत कुत्र्यांवर ती पद्धत बसवली होती व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय साहाय्यकाने. ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभा राहून टाके कसे घालायचे ते तोच सांगत होता. पगाराला त्याचा वर्ग मात्र झाडलोट करणाऱ्यांचा! त्या रुग्णालयात वॉर्डही रंगानुसार वेगळे असत. थॉमसना मानद डॉक्टरेट मिळाली ती १९७६ मध्ये.

आज आपल्याकडे दारावर तशी पाटी नाही. हजार बाळांमागे आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, मग ते बाळ बंगल्यातले असो वा वाडीतले. पण तो कधी कळणार, हे अजून घरावर ठरते. आमच्याच तालुक्यातल्या कांदाटी खोऱ्याची वाट कोयना धरणाच्या पाण्याखाली गेली आणि तिथल्या लोकांना दवाखान्यासाठीही वर्षानुवर्षे लाँचची वाट पाहावी लागली. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा मुले तपासतात. दोष सापडला तर शस्त्रक्रियेला सरकारी मदत मिळते. मात्र त्या दिवशी मूल ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर असेल, तर ते यादीतून सुटते.

म्हणून माझ्या शिक्षक बंधुभगिनींना एवढेच सांगणे आहे. खेळता खेळता दमून उकिडवे बसणारे, ओठ निळे पडणारे मूल आळशी नसते. तसे बसल्याने त्याच्या फुप्फुसांकडे थोडे जास्त रक्त जाते, त्याला बरे वाटते. त्याचे नाव वहीत लिहून ठेवा, आणि तपासणीच्या दिवशी गैरहजर असेल तर पथकाला पुन्हा बोलवा.