हेल्मेटची काच घरी काळी करताय? आधी हे वाचा

उन्हाने डोळे दिपतात म्हणून बरीच पोरं हेल्मेटच्या काचेवर घरीच काळी फिल्म चिकटवतात. मुंबईला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाड्यांच्या सामानाची दुकानं आहेत, तिथून कोणी फिल्म आणतं. पण ही फिल्म मोटारीच्या काचेसाठी असते.

हेल्मेटची काच म्हणजे पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिक, तेही गोलाई असलेलं. त्यावर फिल्म सुरकुतते, फुगे धरते. फिल्मचा डिंक काढायला थिनर किंवा पेट्रोल लावलं तर प्लॅस्टिकला बारीक तडे जातात.

खरा धोका अंधार पडल्यावर. बिनदिव्याची उसाची ट्रॉली रस्त्यात उभी असते, ती साध्या काचेतूनही उशिरा दिसते. युरोपच्या नियमात ८० टक्क्यांपेक्षा कमी उजेड आत सोडणाऱ्या काचेवर ‘फक्त दिवसा वापरा’ असा शिक्का लागतो.

मग करायचं काय? आपल्या हेल्मेटच्या कंपनीचीच तयार स्मोक काच घ्या, ती दिवसा लावा. साधी काच डिकीत ठेवा, दिवस मावळायच्या आत बदला. काच धुवायला साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे. हेल्मेट मात्र आयएसआय मार्कचंच हवं. १ जून २०२१ पासून तसा नियमच आहे.