रायफलींच्या नळ्यांतील तांबें आणि गंज

जुन्या रायफलींच्या नळ्यांत दोन प्रकारचा मळ राहतो: एक डोळ्यांस दिसणारा तांब्याचा, दुसरा सहसा न दिसणारा क्षाराचा. नळ्या गंजण्याचा दोष दीर्घकाल पहिल्याकडे जात असे. खरा अपराधी दुसरा होता. हा निर्णय शस्त्रसंग्राहकांच्या उपयोगाचा असल्यानें त्याचा इतिहास येथें संक्षेपानें देत आहों.

काळ्या दारूच्या काळीं गोळी शिशाची असे. १८८४ सालीं पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञानें बिनधुराची दारू सिद्ध केली व १८८६ सालीं लेबेल रायफल फ्रेंच सैन्यांत आली. नव्या दारूनें वेग इतका वाढला कीं, उघडें शिसें नळींतील पेचदार खांचांना धरून राहीना. स्वित्झर्लंडांतील एदुआर्द रुबिन यानें १८८२ सालींच तांब्याचें कवच चढविलेली गोळी काढली होती. पुढें अनेक सैन्यांनीं तांबें व निकल यांच्या मिश्रधातूचें कवच पत्करलें. १९०६ सालच्या अमेरिकन काडतुसाच्या वेगवान गोळीचें हें कवच खरवडलें जाऊन नळीच्या तोंडाजवळ त्याच्या गुठळ्या चिकटत व नेम बिघडे.

या गुठळ्या नुसत्या गजानें निघत नसत. म्हणून अमेरिकन सैन्यांत जलाल अमोनिया, पाणी, अमोनियम पर्सल्फेट व अमोनियम कार्बोनेट यांचें द्रावण वापरीत. नळीस बूच मारून तें आंत सुमारें अर्धा तास ठेवीत. पर्सल्फेटानें तांब्याचें भस्मीकरण होई व अमोनियांत तें विरघळून द्रावण गर्द निळें होई. मात्र तें नळींत वाळल्यास पोलादच खाऊन टाकी. पहिल्या महायुद्धांत फ्रेंचांनीं तोफांच्या दारूंत कथील घालून तांबें काढण्याची युक्ति योजिली. १९२१ सालीं अमेरिकेंत गोळीसच कथलाचा मुलामा दिला. परंतु तो काडतुसाच्या गळ्यास चिकटून बसे, आणि वर वंगण लावल्यास दाब धोकादायक होई. अखेरीस निकल सोडून तांबें व थोडें जस्त यांचें कवच आलें, तेव्हां गुठळ्यांची पीडा बहुतांशीं मिटली.

तरीहि गंज राहिलाच. त्याचें कारण विल्बर्ट हफ यानें अमेरिकन खाणखात्याच्या १९२२ सालच्या निबंधांत सिद्ध केलें. काडतुसाच्या बुडाशीं रंजक भरलेल्या टोपींत पोटॅशियम क्लोरेट असे. बार होतांच त्याचें क्लोराइड, म्हणजे मिठासारखा क्षार, नळीभर पसरे. हा क्षार हवेंतील ओल शोषून पोलादास गंज आणी. तो तेलांत विरघळत नाहीं, पाण्यांत विरघळतो. म्हणून नुसतें तेल लावलेली नळी गंजे आणि कढत पाण्यानें धुवून, कोरडी करून, मग तेल लावलेली टिके. अमोनियाच्या द्रावणांतहि पाणी होतें. त्यानें तांब्याबरोबर क्षारहि निघे, आणि गुण मात्र तांबें गेल्याचा मानला जाई. काळ्या दारूच्या काळीं नळ्या पाण्यानेंच धुवीत, त्यामुळें हा क्षार लक्षांत आला नव्हता.

यावरून दोन अनुमानें निघतात. नळींत कवचाचें तांबें सांपडल्यास तींतून १८८२ नंतर कवचबंद गोळी गेली, एवढेंच सिद्ध होतें. शस्त्र तितकें नवें, असें ठरत नाहीं. दुसरें, तें तांबें हाहि एक पुरावाच होय. तें घाईनें काढूं नये, आधीं त्याची नोंद करावी. क्लोरेटाचीं काडतुसें वापरलेल्या नळीची पहिली गरज तांबें काढण्याची नसून क्षार धुण्याची आहे, असें आमचें मत आहे.