सिकलसेल आणि जीन एडिटिंग: ‘कात्री’ डीएनएमधली नेमकी जागा कशी ओळखते?

सिकलसेलच्या रुग्णांच्या घरून हल्ली एक प्रश्न हमखास येतो: “डॉक्टर, परदेशात म्हणे जीन कापून सिकलसेल बरा करतात. पण कात्रीला जागा कळते कशी? भलतंच काही कापलं तर?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर समजले, तर या उपचाराने काय साधते आणि काय साधत नाही, हेही लक्षात येते.

या कात्रीचे नाव कॅस-९. ते एक एन्झाइम, म्हणजे विशिष्ट काम करणारे प्रथिन आहे. मूळचे ते स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस या जिवाणूतले. मुलांचा घसा सुजवणारा, कधी पुढे हृदयाच्या झडपांपर्यंत त्रास पोहोचवणारा हाच तो जिवाणू. आपल्यावर हल्ला करणाऱ्या विषाणूंचा डीएनए कापण्यासाठी तो हे एन्झाइम वापरतो. आपल्याला हवी ती जागा त्याच्याकडून कापून घेता येते, हे इमॅन्युएल शार्पंटिये आणि जेनिफर डाउडना यांनी २०१२ मध्ये दाखवले. २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले.

आधी खूण, मग पत्ता

आपला डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर. कॅस-९ सोबत आरएनएचा एक छोटा तुकडा जोडलेला असतो. त्यातली २० अक्षरे म्हणजे कापायच्या जागेचा पत्ता. हा तुकडा प्रयोगशाळेत तयार करतात. जागा बदलायची असेल तर एन्झाइम तेच ठेवून फक्त पत्ता बदलायचा. याआधीच्या कात्र्यांमध्ये प्रत्येक जागेसाठी प्रथिनच नव्याने घडवावे लागत असे, म्हणून क्रिस्परचा एवढा बोलबाला झाला.

कॅस-९ सगळा डीएनए पहिल्या अक्षरापासून वाचत बसत नाही. ते डीएनएवर इथे-तिथे आदळत राहते आणि आधी फक्त एक छोटी खूण शोधते: कोणतेही एक अक्षर आणि त्याला लागून दोन जी. खूण नसेल तर ते क्षणात पुढे सरकते. खूण सापडली, तरच तिच्या शेजारची डीएनएची वीण थोडी उसवते आणि आपल्याकडचा पत्ता एकेक अक्षराने ताडून पाहते. जुळणी खुणेच्या बाजूने सुरू होते. पहिल्या दहा-बारा अक्षरांत चूक निघाली, तर बहुतेक वेळा वीण पुन्हा मिटते आणि एन्झाइम निघून जाते. जुळणी शेवटपर्यंत नीट झाली, तरच त्याचा आकार बदलतो आणि त्याची दोन पाती डीएनएचे दोन्ही धागे कापतात, खुणेपासून साधारण तीन अक्षरांवर.

ही खूण कशासाठी? जिवाणू पूर्वी भेटलेल्या विषाणूंचे पत्ते स्वतःच्याच डीएनएमध्ये नोंदवून ठेवतो. त्या नोंदीशेजारी ही खूण नसते, म्हणून कात्री मालकाचीच वही कापत नाही. मला स्वतःला या सगळ्या प्रकरणात ही गोष्ट सर्वांत जास्त आवडते.

कापल्यावर काय होते?

इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. कॅस-९ फक्त कापते, दुरुस्त करत नाही. तुटलेली टोके पेशी स्वतःच जोडते, आणि घाईघाईच्या त्या जोडकामात काही अक्षरे गळतात किंवा जास्तीची घुसतात. म्हणजे या पद्धतीने एखादी गोष्ट बंद पाडणे सोपे, चुकलेले एक अक्षर नेमके सुधारणे अवघड.

सिकलसेलमध्ये चूक एकाच अक्षराची असते: ११ व्या गुणसूत्रावरील बीटा ग्लोबिन जनुकात ए च्या जागी टी. नुसती कात्री तिथे चालवली तर जनुकच मोडण्याची, म्हणजे थॅलेसेमियासारखी स्थिती होण्याची भीती. म्हणून कॅसजेव्ही या उपचारात कात्री त्या जनुकाला हातच लावत नाही. ती २ऱ्या गुणसूत्रावर, बीसीएल११ए या जनुकाच्या एका नियंत्रक भागात चालते. जन्मानंतर गर्भातले हिमोग्लोबिन बंद करण्याचे काम हे जनुक करते. रक्तपेशींपुरता तो ब्रेक सैल केला की गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते आणि पेशी विळ्यासारख्या वाकणे कमी होते. तुम्ही घेत असलेले हायड्रॉक्सियुरियाही बऱ्याच अंशी हेच हिमोग्लोबिन वाढवून काम करते, फक्त कमी प्रमाणात आणि गोळी चालू असेपर्यंत.

या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये १२ वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी मंजुरी दिली. अमेरिकेने मंजुरी देताना ज्या ३१ रुग्णांचा पुरेसा पाठपुरावा झाला होता, त्यांपैकी २९ जणांना किमान सलग १२ महिने वेदनेचा तीव्र झटका आला नव्हता.

भलतीकडे कापले तर?

खुणेपासून दूरच्या अक्षरांत एक-दोन चुका असल्या, तरी कॅस-९ कधीकधी कापून टाकते. हा धोका खरा आहे. म्हणूनच पत्ता निवडताना त्याच्याशी मिळत्याजुळत्या जागा आधी संगणकावर आणि मग पेशींमध्ये तपासतात. कापण्याचे काम शरीराबाहेर, रुग्णाच्याच काढून घेतलेल्या मूळ पेशींवर होते आणि त्या तपासूनच परत दिल्या जातात. तरीही रुग्णांचा १५ वर्षे पाठपुरावा ठेवला आहे. सध्या मला कात्रीपेक्षा जास्त काळजी वाटते ती त्याआधीच्या तीव्र केमोथेरपीची. अस्थिमज्जेत जागा करण्यासाठी ती द्यावीच लागते. तिने संसर्गाचा धोका वाढतो आणि पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांहून अधिक. भारतात दिल्लीची आयजीआयबी ही संस्था स्वदेशी क्रिस्पर उपचारावर काम करत आहे. ‘जीन थेरपीचे इंजेक्शन’ म्हणून कोणी दवाखान्यात काही देऊ करत असेल, तर पैसे देऊ नका.

विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या कुटुंबांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. हा बदल फक्त रक्ताच्या मूळ पेशींत होतो, बीजपेशींत नाही. उपचार झालेल्या ‘एसएस’ रुग्णाकडून मुलाला एस जनुक जाणारच. त्यामुळे लग्नाआधी दोघांचीही हिमोग्लोबिनची तपासणी तेव्हाही लागेल. आणि तोवर हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक ॲसिड आणि लसी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. ताप, छातीत दुखणे किंवा धाप लागली तर त्याच दिवशी रुग्णालयात या.