खण, खोली आणि वन आरके : नाशिकरोडच्या लहान घरांचा इतिहास

नाशिकरोडला घर शोधत फिरणाऱ्या नव्या जोडप्याच्या तोंडी आज 'वन आरके' हा शब्द हमखास ऐकू येतो. एक खोली, तिला लागून ओटा आणि मोरीइतके न्हाणीघर, एवढा त्याचा विस्तार. जेलरोड, उपनगर, जय भवानी रोड, सिन्नर फाटा या भागांत अशी घरे उभी राहिली, राहत आहेत. 'लोकांना आता खुराड्यात राहावे लागते' असा सूर त्यावर लागतो. तो पूर्णपणे खोटा नाही. पण लहान घर ही या भागाला नवी गोष्ट नाही. मुळात नाशिकरोड वसले ते लहान घरांनीच. तेव्हा मला वेगळाच प्रश्न पडतो. शंभर वर्षांपूर्वीच्या एका खोलीत राहणाऱ्याला दाराबाहेर काय मिळत होते, आणि आजच्याला काय मिळते? त्याचे उत्तर मी तीन ठिकाणी शोधले : शब्दांत, भिंतींत आणि कागदांत.

शब्दांपासून सुरुवात करू. जुन्या नाशकातल्या वाड्यांचे माप 'खणां'त सांगत. लाकडी खांब-तुळयांच्या दोन ओळींमधली जागा म्हणजे खण. दोनखणी माजघर म्हटले की ऐकणाऱ्याला खोलीचा अंदाज येई. घराचे वर्णन करताना ओटी, ओसरी, पडवी, चौक, परस ही नावे ओघानेच येत. छपराखालची आणि छपराबाहेरची जागा एकाच दमात मोजली जाई. वाड्यात भाड्याने राहणारा तो बिऱ्हाडकरू. 'बिऱ्हाड' या शब्दात जागेचे माप नाहीच. माणसे, त्यांची चूल आणि त्यांचे सामान एवढेच त्यात येते. एका खणात बिऱ्हाड असले तरी चौकातली विहीर, आड किंवा नळ त्याचाही असे. हा हक्क कोणी लिहून दिलेला नव्हता. तो वहिवाटीचा होता, आणि वाड्याच्या मालकाची मर्जी, जात, नातेगोते यांच्या कुंपणातच चालणारा होता. त्याचे गोडवे गाताना हे विसरता येणार नाही.

नाशिकरोड मात्र वाड्यांचे गाव कधीच नव्हते. १८६५ मध्ये थळ घाटातला लोहमार्ग खुला झाला आणि मुंबई-नाशिक थेट जोडले गेले. रेल्वे गावापासून आठ-नऊ किलोमीटर दूरून गेली, म्हणून स्टेशनचे नाव नाशिक 'रोड'. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्टेशन ते गाव अशी घोड्यांची ट्रामही सुरू झाली. स्टेशनभोवती वस्ती जमली ती रेल्वेचे कर्मचारी, हमाल, टांगेवाले, खानावळवाले यांची. खरी भर पडली ती १९२० नंतर. तोवर हिंदुस्थानची टपाल तिकिटे लंडनच्या 'डी ला रू' कंपनीकडून छापून येत, नोटाही इंग्लंडहून येत. १९२५ च्या सुमारास नाशिकरोडला सरकारी सिक्युरिटी प्रेस सुरू झाली, आणि १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेसमधून पाच रुपयांची नोट छापून बाहेर पडली. पुढे एकलहऱ्याचे औष्णिक वीजकेंद्र आले, गांधीनगरचा सरकारी छापखाना आला. नाशिकरोडचा माणूस हा शेतावरून किंवा दुसऱ्या गावातून येऊन पगारावर राहणारा माणूस झाला.

या माणसाला मिळाले ते क्वार्टर. क्वार्टरचे माप कुटुंबात किती माणसे आहेत यावर ठरत नसे. पगाराच्या श्रेणीवर ठरे. खालच्या श्रेणीला एक-दोन खोल्या. पण या खोल्या आखीव वसाहतीत होत्या. दारापुढे अंगण, दोन ओळींमध्ये रस्ता, खेळायला मैदान, गणपती बसवायला जागा. उन्हाळ्यात खाटा बाहेर येत, कुरडया-पापड बाहेर वाळत, दहावीचा अभ्यास रस्त्यावरच्या दिव्याखाली होई. घर लहान होते हे खरे. पण दिवसाचा मोठा भाग घराबाहेरच्या जागेत जात असे, आणि ती जागा जितकी साहेबाची तितकीच शिपायाची होती. अट एकच : निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायचे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत 'स्वतःचे चार भिंतींचे' काहीतरी हवे ही ओढ या अटीतून लागली. आजच्या नाशिकरोडच्या कितीतरी सोसायट्यांचे मूळ या ओढीत आहे.

क्वार्टरच्या या कथेशेजारी मुंबईची कथा ठेवायला हवी, कारण लहान घरांचे सगळे प्रयोग आधी तिथे झाले, आणि घरांविषयीचे कायदे तिथल्या अनुभवावरून बेतले गेले. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने चाळी बांधल्या. पुढे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० मध्ये, डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले. त्याच्या वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथल्या २०७ इमारती म्हणजे बीडीडी चाळी. खोली १६० चौरस फुटांची, मधून लांब पॅसेज, संडास सामायिक. गिरणी कामगारांच्या मुंबईत एका खोलीत राहणे हा अपवाद नव्हता, रिवाज होता. त्या पॅसेजमध्ये आणि चाळींमधल्या मोकळ्या जागांत सभा भरल्या, व्यायामशाळा आणि भजनी मंडळे उभी राहिली. १६० फुटांच्या खोलीला हा सारा परिसर जोडलेला होता. मात्र भाडेकरूचा त्यावरचा हक्क इथेही वहिवाटीचाच होता.

स्वातंत्र्यानंतर हा हक्क कागदावर आणण्याचे काम सुरू झाले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण भाड्यासाठी नव्या चाळी बांधण्यात मालकांना रस उरला नाही. बांधकाम विक्रीकडे वळले. १९६० मध्ये महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आला, १९६३ मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आला, आणि १९७० मध्ये अपार्टमेंट ओनरशिप कायदा. या कायद्यांनी मराठीला 'सदनिका' हा शब्द सरावाचा करून दिला. यात नाशिकरोडचा एक गमतीचा धागाही आहे. घराचे करारनामे ज्या मुद्रांक कागदांवर लिहिले जात, ते कागद नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापले जात. दुसऱ्यांच्या मालकीचे कागद छापणारे हात स्वतः मात्र सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते.

या कायद्यांनी दाराबाहेरच्या जागेच्या दोन वेगळ्या वाटा केल्या. लहान घराच्या दृष्टीने हा फरक फार मोलाचा आहे आणि त्याची चर्चा फार थोडी होते.

पहिली वाट सहकारी सोसायटीची. जमीन आणि इमारत सोसायटीच्या मालकीची, घरवाला तिचा सभासद. एका सभासदाला एक मत. तीन बेडरूमवाल्याचे मत आणि एका खोलीवाल्याचे मत सारखेच. याची दुसरी बाजूही आहे : पहारेकरी, जिन्यातले दिवे, साफसफाई हा सेवाखर्चही सर्व सदनिकांत सारखा वाटला जातो. लहान घरवाल्याचा खिसा त्यात जास्त हलका होतो.

दुसरी वाट अपार्टमेंटची. सदनिका ज्याची त्याची; जमीन, जिना, गच्ची यांत प्रत्येकाचा टक्केवारीने अविभक्त हिस्सा. १९६० च्या आसपास अमेरिकेत याच धाटणीचे कायदे झाले. तिथे त्याला 'काँडोमिनियम' म्हणतात. आपल्याकडेही कित्येक इमारतींच्या पाटीवर तो शब्द दिसतो. हिस्सा ठरतो सदनिकेच्या मूल्यावर. खर्चही त्याच टक्केवारीने, आणि मतही त्याच टक्केवारीने.

समजा, एका इमारतीत वीस घरे आहेत : आठ वन आरके आणि बारा मोठी. मोठ्या घराचे मूल्य लहानाच्या तिप्पट धरू. सोसायटी असेल तर आठ लहान घरांकडे वीसपैकी आठ, म्हणजे ४० टक्के मते. अपार्टमेंट असेल तर त्यांचा एकत्रित हिस्सा सुमारे १८ टक्के. गच्चीवर मोबाइलचा मनोरा घ्यायचा का, वाहनतळ कसा आखायचा, जुनी इमारत पाडायची का, अशा वेळी ४० आणि १८ यांतला फरक ठळकपणे दिसेल. त्याच्या मोबदल्यात लहान घराला मासिक खर्च कमी येतो, हेही खरे. कोणती वाट न्याय्य, याचे एकच उत्तर नाही. पण आपण कोणत्या वाटेवर आहोत हे घर घेणाऱ्याला माहीत असायलाच हवे.

नाशिकमध्ये ही दुसरी वाट बरीच रुळली. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी महानगरपालिका आली आणि नाशिकरोड-देवळालीची स्वतंत्र नगरपालिका तिच्यात विलीन झाली. शेतजमिनींचे प्लॉट पडले, प्लॉटवर तीन-चार मजली इमारती उठल्या. १९७५ मध्ये सुरू झालेल्या पंचवटी एक्स्प्रेसने आणखी एक गिऱ्हाईक दिले : मुंबईत नोकरी, नाशिकरोडला बिऱ्हाड. ज्याला मुंबईत खोलीही परवडत नाही, त्याला इथे स्टेशनजवळ छोटे का होईना स्वतःचे घर मिळू लागले. प्रेसमधून निवृत्त होणारा आणि पंचवटीने ये-जा करणारा, असे दोघे एका जिन्यात शेजारी झाले.

जुन्या इमारतींचा जिना मी मुद्दाम पाहतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या बांधकामांत बहुधा रुंद जिना, मजल्यावर दोन खुर्च्या मावतील असा चौक आणि घराला उघडी गॅलरी असते. पुढच्या इमारतींत चौक आक्रसत जातो, आणि गॅलरीला जाळी, मग सरकती खिडकी लागून ती खोलीत 'आत घेतली' जाते. लोकांच्या या सवयीला कारण आहे. घरात एक माणूस वाढला की जागा दुसरीकडून आणायची कुठून?

कायद्याच्या मापातही गॅलरीची जागा बदलत गेली. १९६३ च्या कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीप्रमाणे चटईक्षेत्रात बाल्कनी धरायची, मात्र तिचे माप वेगळे दाखवायचे. २०१६ च्या रेरा कायद्याने चटईक्षेत्राची व्याख्या नव्याने केली. आतल्या भिंतींसह वापरण्याजोगी जागा तेवढी मोजायची. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, व्हरांडा, उघडी गच्ची त्यात नाही. 'सुपर बिल्टअप'च्या नावाखाली जिना आणि लिफ्टची जागाही ग्राहकाच्या गळ्यात मारली जाई, तिला या व्याख्येने आळा बसला. हे मोठे काम आहे. पण मापाचा परिणाम दोन्हीकडे होतो. जाहिरातीतला आकडा आतल्या जागेचाच असेल, तर घर घेणारा तोच पाहतो आणि बांधणारा तोच सजवतो. राष्ट्रीय इमारत संहिता एकच खोली असलेल्या घरात ती खोली निदान ९.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट असावी असे सांगते. आतल्या जागेला असा किमान आकडा मिळाला. शेजाऱ्याशी उभ्याने दोन शब्द बोलायला लागणाऱ्या जागेचा आकडा घराच्या जाहिरातीत कुठेच येत नाही.

लहान घर आणि सामायिक निर्णय यांची गाठ किती घट्ट असते, हे जपानच्या एका उदाहरणात दिसते. १९७२ मध्ये टोकियोत किशो कुरोकावा यांचा नाकागिन कॅप्सूल टॉवर उभा राहिला. सुमारे १० चौरस मीटरची एकेक कॅप्सूल, अशा १४०. ठरावीक वर्षांनी जुनी कॅप्सूल काढून नवी बसवायची अशी कल्पना होती. पण कॅप्सूल वेगवेगळ्या मालकांच्या आणि इमारत एक. ती अदलाबदल कधी झालीच नाही. डागडुजी रखडली आणि २०२२ मध्ये इमारत उतरवली गेली. आतल्या जागेची रचना जगभर वाखाणली गेलेली ही वास्तू सामायिक भागाच्या प्रश्नावर अडली.

नाशिकरोडच्या ऐंशीच्या दशकातल्या इमारती आता चाळिशीच्या आहेत. त्यांच्या पुनर्विकासाच्या बैठका सुरू झाल्या आहेत किंवा होतील. मुंबईत बीडीडी चाळींतल्या १६० फुटांच्या भाडेकरूंना ५०० चौरस फुटांची घरे देण्याची योजना झाली, कारण तिथे सरकार मध्ये होते आणि चाळकरी एकजुटीने उभे होते. नाशिकरोडच्या एका खोलीवाल्याच्या पाठीशी असे काही नाही. त्याच्या हाती आहे तो कागद : सोसायटीचे उपविधी किंवा अपार्टमेंटचे घोषणापत्र. हे घोषणापत्र घरे विकली जाण्याआधीच तयार होते. त्यात आपला हिस्सा किती टक्के लिहिला आहे, गच्ची आणि वाहनतळ सर्वांचे आहेत की 'मर्यादित सामायिक' म्हणून काहींच्याच नावे आहेत, हे तिथे नोंदलेले असते. ती टक्केवारी नंतर सगळ्यांच्या संमतीवाचून बदलत नाही. सही करण्याआधी ही दोन पाने वाचणे, हा वन आरके घेणाऱ्याने फरशीचा रंग निवडण्याआधी करण्याचा उद्योग आहे.

वाड्यातल्या बिऱ्हाडाचा चौकावरचा हक्क मालकाच्या मर्जीचा होता, क्वार्टरमधल्या कुटुंबाचा मैदानावरचा हक्क नोकरी असेतो होता. वन आरकेवाल्याचा हक्क पहिल्यांदाच नोंदणीकृत आणि वारसांना जाणारा आहे, मग तो सोसायटीच्या एका मताचा असो की अपार्टमेंटच्या सव्वादोन टक्क्यांचा. आधीच्या दोन पिढ्यांना तो मिळाला नव्हता. तो घेऊन इमारतीच्या सभेला जाऊन बसणारे लहान घरवाले किती निघतात, यावर पुढच्या इमारतीत दोन खुर्च्यांचा चौक राहणार की नाही, ते ठरेल.