एका फ्लॅगचा इतिहास

कमांड लाइनवर ऑब्जेक्टिव्ह-सीचा प्रोग्रॅम बांधायला बसलेल्याला जीसीसी या कंपायलरच्या पुस्तिकेत दोन फ्लॅग भेटतात: ‘एफ-जीएनयू-रनटाइम’ आणि ‘एफ-नेक्स्ट-रनटाइम’. फ्लॅग म्हणजे कंपायलरला हुकूम देताना सोबत जोडलेली सूचना. (तिला ‘झेंडा’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.) भाषा एकच, मग रनटाइम दोन कशाला? याचे मूळ तंत्रात कमी आणि एका भांडणात जास्त आहे.

ऑब्जेक्टिव्ह-सी ही ब्रॅड कॉक्स आणि टॉम लव्ह यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी घडवलेली भाषा. स्टीव्ह जॉब्जच्या नेक्स्ट कंपनीने १९८८मध्ये तिचा परवाना घेतला आणि रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीसीसीला या भाषेपुरता आपला भाग जोडला. जीसीसीची अट अशी की, वाढवलेला कंपायलर दुसऱ्याला द्यायचा तर वाढीव भागाचा सोर्सही द्यायचा. नेक्स्टने पळवाट सुचवली: आम्ही तयार ऑब्जेक्ट फाइली देतो, लोकांनी त्या आपल्या घरी जोडून घ्याव्यात. स्टॉलमन यांच्या वकिलाने ते अमान्य केले आणि सोर्स खुला झाला. पण रनटाइम लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना कोणता निरोप कोणत्या फंक्शनकडे जाणार हे ठरवणारी, कंपनीने स्वतःजवळच ठेवली. गाडी दिली, बैल ठेवले! मग १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जीएनयूवाल्यांनी आपली वेगळी रनटाइम लिहिली.

दोघींची रीत निराळी. नेक्स्टची निरोप स्वतः पोहोचवते. जीएनयूची फक्त पत्ता शोधून देते, पुढची हाक प्रोग्रॅमने मारायची. लिनक्सवर फ्लॅग न दिल्यास जीएनयूची रीत गृहीत धरली जाते. तिथे कुणी नेक्स्टचा फ्लॅग दिला तर कंपायलर मुकाट्याने काम करतो. अडतो तो लिंकर, कारण निरोप पोहोचवणारे फंक्शन जीएनयूच्या लायब्ररीत त्याला सापडत नाही. मुळात ती लायब्ररी जोडण्यासाठी ओळीच्या शेवटी ‘एल-ओबीजेसी’ लागते, हे नवख्यांच्या हटकून राहून जाते.

सोर्स खुला असण्याचा अर्थ आपल्या उपनगरात, पवईला, नीट कळतो. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर उभे राहिले. तिथल्या कार्यशाळांत कंपायलरला ‘करडी पेटी’ मानून आत डोकावायला शिकवत. सगळा सोर्स वाचायची गरज नाही आणि आंधळा विश्वासही नाही. ‘एफ-डम्प-ट्री-ऑल’ दिला की प्रत्येक टप्प्यावर प्रोग्रॅमचे रूप काय झाले, ते डझनावारी फाइलींत उतरते. वेग वाढवणाऱ्या ‘ओ-दोन’, ‘ओ-तीन’ यांचे कौतुक फार होते; माझ्या मते शिकणाऱ्याने आधी हा फ्लॅग हाताळावा.

कार्यशाळांचा भर सी भाषेवर असला, तरी ऑब्जेक्टिव्ह-सीलाही हा फ्लॅग चालतो. एकच प्रोग्रॅम दोन्ही रनटाइमच्या फ्लॅगांनी बांधून ‘गिंपल’ नावाच्या मधल्या रूपाच्या फाइली शेजारी ठेवाव्यात. एकीत आधी पत्ता विचारलेला आणि मग हाक मारलेली, अशा दोन पायऱ्या, दुसरीत एकच.