भाडेकरू घर सोडत नाही, घर विकायचंय. कायदा काय सांगतो?

मांडव्याला २०२० मध्ये रो-रो सुरू झाली, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला आणि अलिबागपासून मुरुडपर्यंत जुन्या घरांना गिऱ्हाईक येऊ लागलं. मालक मुंबई-पुण्यात, घर गावी, आत भाडेकरू. भाव चांगला मिळतोय, पण भाडेकरू म्हणतो, 'मी नाही निघत.' अशा घरमालकांसाठी आणि अशी घरं घेऊ पाहणाऱ्यांसाठीही ही माहिती.

पहिली गोष्ट, घरात भाडेकरू आहे म्हणून विक्री थांबत नाही. खरेदीखताला भाडेकरूची संमती लागत नाही. मात्र विक्री झाली म्हणून भाडेकरू आपोआप बाहेरही पडत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०९ प्रमाणे नवा मालक जुन्याच्या जागी येतो, भाडेकरू तोच राहतो. आधीचं थकलेलं भाडं नव्या मालकाला वसूल करायचं असेल तर तसं खरेदीखतात लिहून घ्यावं लागतं, नाहीतर ती थकबाकी जुन्या मालकाचीच. आणि विक्री झाल्याची लेखी नोटीस भाडेकरूला द्या. ती नाही दिली आणि त्याने नेहमीप्रमाणे जुन्या मालकाला भाडं दिलं, तर नव्या मालकाला तेच भाडं त्याच्याकडून पुन्हा मागता येत नाही.

घेणाऱ्यानेही लक्षात ठेवावं. घरात कोणी राहत असेल तर त्याचा हक्क काय, याची माहिती खरेदीदाराला आहे असं कायदा धरून चालतो. 'मला कोणी सांगितलंच नाही' हे नंतर ऐकलं जात नाही. व्यवहाराआधी स्वतः जाऊन दार वाजवा, आत कोण राहतं ते विचारा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढा. त्यात मालक आणि भोगवटादार असे वेगळे रकाने असतात. भोगवटादार म्हणून नाव लागलं म्हणजे तो मालक झाला असं नाही, तो उतारा करआकारणीचा. पण आत कोण आहे हे त्यावरून कळतं.

कागद कोणता, त्यावर सगळं

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेला असेल आणि मुदत संपली असेल तर काम त्यातल्या त्यात सोपं. कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने बचाव करण्याची परवानगी मागितली नाही तर घर खाली करण्याचा आदेश होऊ शकतो. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाईही मागता येते.

अडचण अशी, की आपल्याकडे बहुतेकांकडे असतो तो स्टँपपेपरवरचा नोटरी केलेला कागद. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज गावोगाव पक्का बसलाय आणि तो चुकीचा आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंदणी आता ऑनलाइन होते, त्यामुळे आळसाला फारशी सबब उरलेली नाही.

जुना भाडेकरू असेल, वडिलांच्या वेळचा, पावतीवर राहणारा, तर दावा दिवाणी न्यायालयात. इथे बरेच जण फसतात, कारण 'मला घर विकायचंय' हे घर खाली करून घेण्याचं कारण कायद्यात नाही. कलम १६ मधली कारणं वेगळी आहेत: स्वतःला राहायला खरोखर गरज, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं, सहा महिने विनाकारण घर बंद ठेवणं, घराचं नुकसान वगैरे. भाडं थकलं असेल तर आधी लेखी नोटीस द्यायची आणि ९० दिवस थांबायचं. दाव्याचं समन्स मिळाल्यावरही ९० दिवसांत भाडेकरूने व्याजासह सगळं भरलं तर त्याला काढता येत नाही.

काही जण सुचवतात, 'स्वतःसाठी पाहिजे सांगा, मिळालं की विकून टाका.' असलं काही करू नका. गरजेच्या कारणावर ताबा मिळाला आणि महिन्याभरात मालक तिथे राहायला गेला नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिलं, तर कोर्ट जुन्या भाडेकरूला परत बसवू शकतं. नव्या मालकालाही जुन्याची गरज उपयोगी पडत नाही, त्याला स्वतःची दाखवावी लागते.

आणखी एक. भाडे नियंत्रण कायदा सगळ्या गावांना सरसकट लागू नाही. अनुसूचीतल्या आणि जुन्या १९४७ च्या कायद्याखाली आलेल्या भागांना लागू आहे. शहरातलं घर आणि खाडीपलीकडच्या ग्रामपंचायतीतलं घर यांना एकच नियम असं धरू नका. कायदा लागू नसलेल्या ठिकाणी महिन्याच्या भाड्यावरच्या घरासाठी कलम १०६ ची १५ दिवसांची नोटीस आणि मग दिवाणी दावा, एवढाच रस्ता. तिथे घरमालकाला कारण सिद्ध करत बसावं लागत नाही. आपलं गाव कशात येतं, हे नोटीस काढण्याआधीच वकिलाकडून तपासून घ्या.

राखणदार, भाडेकरू की कूळ?

नारळी-पोफळीच्या वाडीतल्या घरात बहुतेकदा भाडेकरू नसतो, वाडी बघणारं कुटुंब असतं. राखणदाराबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गोव्यातल्या एका बहीण-भावाच्या घराच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं: राखणदार, नोकर कितीही वर्षं राहिला तरी त्याचा मालमत्तेत हक्क तयार होत नाही. 'बारा वर्षं झाली, घर त्याचं झालं' ही भीतीही भाडेकरूच्या बाबतीत खोटी. मालकाच्या परवानगीने राहणारा विरुद्ध कब्जा सांगू शकत नाही.

मात्र सातबाऱ्यावर, इतर हक्कात, त्या माणसाचं किंवा त्याच्या आजोबाचं नाव कूळ म्हणून असेल तर विषयच बदलतो. मग १९४८ चा कूळ कायदा येतो, आणि तो कूळ आहे की नाही हे दिवाणी कोर्ट नव्हे, तहसीलदार ठरवतात. कसणाऱ्याचा तो हक्क फुकट आलेला नाही. याच अलिबाग तालुक्यातल्या चरीत १९३३ पासून नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली सहा वर्षं शेतकऱ्यांनी संप केला होता. तेव्हा 'जुनी नोंद आहे, काढून टाकू' असं एजंट म्हणाला तर व्यवहार तिथेच थांबवा.

कुलूप, वीज, पाणी

भाडेकरू बाहेर गेला की कुलूप बदलायचं, वीज तोडायची, पंप बंद करायचा, हे प्रकार सर्रास चालतात. ते अंगाशी येतात. कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागू शकतो आणि त्यात मालकी कोणाची हा मुद्दा पाहिलाच जात नाही. अत्यावश्यक सोयी तोडणं हा भाडे नियंत्रण कायद्याखाली गुन्हाही आहे.

त्यापेक्षा बोलून पाहा. भाडेकरूला पैसे देऊन हक्क सोडायला लावणं बेकायदा नाही. कलम ५६ त्याला अशी रक्कम घेऊ देतं. रक्कम किती, हे दोघांनी ठरवायचं. दावा किती वर्षं चालेल आणि रिकाम्या घराला किती जास्त भाव मिळेल, याचा हिशेब आधी मांडा. ठरलेलं लेखी करा आणि सगळी रक्कम ताबा मिळाल्यावरच द्या. दावा चालू असेल तर तडजोड लोकअदालतीत नोंदवता येते. तो निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखाच असतो, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदारांना तिथे उत्पन्नाची अट नाही, मग ते घरमालक असोत वा भाडेकरू.